मातीतला शेतकरी आणि परत आलेला आवाज

अमेरिकेतील खेड्यापाड्यांच्या बोलीत 'डर्ट फार्मर' असा एक शब्दप्रयोग आहे. 'डर्ट' म्हणजे माती. ज्याच्यापाशी गडीमाणसे नाहीत, जो स्वतःच्या दोन हातांनी आणि घरच्या माणसांच्या बळावर जमीन कसतो, आणि वर्षाअखेरीस ज्याच्या पदरी पिकापेक्षा मातीच अधिक उरते, अशा शेतकऱ्याला तिकडे या नावाने ओळखतात. या नावात कष्टाचा अभिमान आहे आणि दारिद्र्याची कबुलीही आहे. हेच नाव धारण करणारा एक गीतसंच, म्हणजे ज्याला आज सर्वत्र 'अल्बम' म्हणतात तो, ३० ऑक्टोबर २००७ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात तेरा गाणी आहेत. ती गाणारे गृहस्थ त्या वेळी सदुसष्ट वर्षांचे होते, आणि त्याच्या काही वर्षे अगोदर कर्करोगाने त्यांचा आवाज जवळजवळ हिरावून नेला होता. त्यांचे नाव लीव्हॉन हेल्म.

या एका गीतसंचाच्या निमित्ताने आज आपण दोन प्रश्नांचा विचार करणार आहोत. पहिला असा की, अमेरिकेचे लोकसंगीत म्हणजे नेमके काय, आणि त्याची मुळे कोठकोठल्या जमिनीत रुजलेली आहेत? दुसरा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. गायकाचा आवाज गेला म्हणजे त्याच्यापाशी काय उरते?

प्रथम या माणसाची जन्मभूमी पाहू. मिसिसिपी ही अमेरिकेची महानदी. तिच्या पश्चिम तीरावर आर्कन्सॉ नावाचे राज्य आहे. लिहिताना या नावाच्या शेवटी 'स' येतो, परंतु उच्चारात तो येत नाही. नदीच्या गाळाने सुपीक झालेल्या या सखल प्रदेशात कापसाचे पीक मोठे. २६ मे १९४० रोजी हेल्म यांचा जन्म याच प्रदेशात झाला. त्यांचे बालपण टर्की स्क्रॅच नावाच्या एका लहानशा वस्तीत, कापसाच्या शेतांत गेले. घरात त्यांचे नाव 'लव्हॉन' असे होते. पुढे सोबतच्या वादकांना तो उच्चार अवघड वाटला, म्हणून त्याचे 'लीव्हॉन' झाले. वडील कापूस पिकवीत. वडिलांना आणि आईलाही गाण्याची आवड होती, आणि कोणत्याही पुस्तकात न शोधता पाठ झालेली कितीतरी जुनी गाणी त्या घरात होती.

याच भागात नदीकाठी हेलेना नावाचे शहर आहे. तेथील नभोवाणी केंद्रावरून १९४१ साली 'किंग बिस्किट टाइम' हा दुपारचा कार्यक्रम सुरू झाला. एका पिठाच्या जाहिरातीसाठी चालविलेल्या या कार्यक्रमात सनी बॉय विल्यमसन हे कृष्णवर्णीय वादक तोंडाने वाजवावयाचा बाजा, म्हणजे हार्मोनिका, वाजवीत आणि गात. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात वर्णभेदाचे कायदे कडक होते. गोऱ्यांची आणि काळ्यांची मुले एका शाळेत बसू शकत नव्हती. परंतु नभोवाणीच्या लहरींना असे कुंपण घालता येत नाही. दुपारी शेतातून जेवावयास घरी आलेल्या गोऱ्या शेतकऱ्याच्या घरात आणि शेजारच्या काळ्या मजुराच्या झोपडीत तेच गाणे एकाच वेळी वाजत असे. शनिवारी रात्री टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथून 'ग्रँड ओल ऑप्री' हा गोऱ्या ग्रामीण गायकांचा कार्यक्रम लागे, आणि तोही दोन्ही घरांत ऐकता येई. हेल्म यांचे कान असे दोन्ही बाजूंनी तयार झाले. त्यांच्या पुढील साऱ्या संगीताचा उलगडा या एका गोष्टीत आहे असे म्हणावयास हरकत नाही.

आता त्या मुळांकडे वळू. अमेरिकेच्या लोकसंगीताचे मुख्य प्रवाह स्थूलमानाने चार सांगता येतील.

पहिला प्रवाह इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड येथून आलेल्या कथागीतांचा. तिकडून आलेल्या गरीब कुटुंबांनी ॲपलेशियन नावाच्या पर्वतराजीत वस्ती केली. त्यांच्यासोबत लांबलचक कथा सांगणारी गाणी आली, आणि फिडल आले. फिडल म्हणजे आपल्या ओळखीचे व्हायोलिनच. वाद्य तेच, वाजविण्याची रीत तेवढी नृत्याला साजेशी. या कथागीतांत फसविलेल्या प्रेयसी, घर सोडून दूर गेलेले तरुण, खून, पश्चात्ताप, मृत्यू असे विषय असतात, आणि ते अत्यंत निर्विकार स्वरात सांगितले जातात. गाणारा रडत नाही. रडावयाचे काम ऐकणाऱ्यावर सोपविलेले असते.

दुसरा प्रवाह आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा. त्यांच्याबरोबर बँजो या वाद्याची मूळ कल्पना आली, तालाची समज आली, आणि पुढे त्यांच्याच दुःखातून 'ब्लूज' हा गीतप्रकार जन्मास आला. ब्लूजची घडण वरवर पाहता सोपी आहे. पुष्कळदा पहिली ओळ दोनदा म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यावयाचे. परंतु त्यातील स्वर मात्र पाश्चात्त्य पेटीच्या पट्ट्यांत नेमके सापडत नाहीत. शुद्ध आणि कोमल गांधार यांच्या मधोमध कोठेतरी हा स्वर रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यातच त्याची सारी व्यथा साठविलेली असते. श्रुतींची जाण असलेल्या आपल्या कानांना हा स्वर परका वाटू नये.

तिसरा प्रवाह प्रार्थनामंदिरांतील गीतांचा. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या उपासना वेगवेगळ्या ठिकाणी होत, तरी दोघांच्या गाण्यांतील तारणाची आस एकच होती. एकाने ओळ म्हणावी आणि समुदायाने तिला साद द्यावी, अनेक कंठांनी निरनिराळ्या स्वरांत एकच शब्द उचलून धरावा, ही रीत येथे वाढली. चौथा प्रवाह वाद्यमेळ्याचा. फिडल, बँजो, गिटार आणि मँडोलिन अशी तंतुवाद्ये एकत्र येऊन पहाडी नृत्याला साथ करू लागली. १९४० नंतरच्या दशकात बिल मन्रो या मँडोलिनवादकाने या मेळ्याला वेगवान आणि रेखीव रूप दिले, त्याला 'ब्लूग्रास' असे म्हणतात. लहानपणी हेल्म यांनी मन्रो यांचा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिला होता.

हे चार प्रवाह कागदावर वेगळे दाखविता येतात. प्रत्यक्षात ते कधीच वेगळे राहिले नाहीत. याचे एक उदाहरण देतो. व्हर्जिनिया आणि टेनेसी या दोन राज्यांच्या सीमारेषेवर ब्रिस्टल नावाचे गाव वसले आहे. ऑगस्ट १९२७ मध्ये तेथे ध्वनिमुद्रणासाठी आलेल्या राल्फ पीअर यांच्यापुढे कार्टर कुटुंबातील तीन माणसे गायली. ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि नात्यातील मेबेल. हे तिघे पुढे अमेरिकेच्या ग्रामीण संगीताचे आद्य गायक मानले गेले. पुढील काळात ए. पी. कार्टर जुनी गाणी गोळा करीत डोंगरांतून हिंडत. त्या भटकंतीत त्यांच्यासोबत लेस्ली रिडल नावाचे एक कृष्णवर्णीय गिटारवादक असत. कार्टर शब्द टिपून घेत आणि रिडल चाल ध्यानात ठेवीत. म्हणजे ज्याला पुष्कळ लोक निव्वळ गोऱ्यांचे संगीत समजतात, त्याच्या उभारणीत काळ्या माणसाच्या स्मरणशक्तीचा वाटा आहे. मुळे जमिनीखाली एकमेकांत गुंतलेली असतात. वर आलेल्या झाडांना निराळी नावे देणे हे आपले काम.

हेल्म यांच्या आयुष्यात हे गुंतलेपण कसे उतरले ते आता पाहू. शालेय शिक्षण संपताच रॉनी हॉकिन्स या आर्कन्सॉच्याच गायकाच्या वाद्यमेळ्यात ते ड्रमवादक म्हणून दाखल झाले आणि त्याच्यासोबत कॅनडात गेले. तेथे एकेक करून चार कॅनेडियन तरुण या मेळ्यात आले. रॉबी रॉबर्टसन, रिक डॅन्को, रिचर्ड मॅन्युअल आणि गार्थ हडसन. पुढे हे पाचजण हॉकिन्स यांच्यापासून वेगळे झाले. १९६५ साली बॉब डिलन यांनी हातातील साधी गिटार बाजूस ठेवून विजेवर चालणारी वाद्ये घेतली, आणि लोकगीत व रॉक यांच्या मिश्रणातून 'फोक रॉक' नावाचा प्रकार लोकांपुढे आला. त्या वर्षीच्या दौऱ्यात डिलन यांना साथ करण्यासाठी याच मेळ्याची निवड झाली.

परंतु श्रोत्यांना हे रुचले नाही. लोकगीताचा हा विश्वासघात आहे असे समजून जागोजागी लोक हुर्यो करू लागले. रोज रात्री मनापासून वाजवावे आणि रोज रात्री शिव्या खाव्यात, हे हेल्म यांना सहन होईना. १९६५ सालच्या अखेरीस त्यांनी दौरा सोडला आणि काही काळ समुद्रातील तेलविहिरीवर मजुरी केली. १९६७ मध्ये मित्रांनी त्यांना परत बोलाविले. न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकच्या परिसरात हे पाचजण एकत्र आले आणि त्यांनी स्वतःसाठी नाव घेतले ते नुसते 'द बँड'. वुडस्टॉकचे नाव पुष्कळांना १९६९ च्या संगीतमहोत्सवामुळे ठाऊक असते. प्रत्यक्षात तो महोत्सव बेथेल या दुसऱ्याच गावी भरला होता.

१९६८ आणि १९६९ साली 'द बँड'चे पहिले दोन गीतसंच निघाले. त्या काळी तरुणांचे संगीत कर्णकर्कश होत चालले होते, आणि हे पाचजण मात्र जुन्या खेड्यांची, युद्धात हरलेल्या दक्षिणेची, पिकाची व कर्जाची गाणी गात होते. चार कॅनेडियनांच्या या मेळ्यात अमेरिकेची माती होती ती एकट्या हेल्म यांच्या कंठात. त्यांची आणखी एक खासियत अशी की, ते ड्रम वाजवीत वाजवीत गात. हात आणि पाय एका लयीत गुंतलेले असताना गळ्याने दुसऱ्या लयीत शब्द टाकणे हे किती कठीण आहे, ते टाळ वाजवीत अभंग म्हणणाऱ्यास सांगावयास नको. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर त्यांचा ठोका पडे, पण तो किंचित विलंबाने, जणू दिवसभराच्या कामानंतर घरी परतणाऱ्या माणसाच्या पावलासारखा.

२५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे या मेळ्याचा मोठा निरोपसमारंभ झाला. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी त्यावर केलेला चित्रपट १९७८ साली प्रदर्शित झाला. मेळा असा संपवावा हे हेल्म यांच्या मनाला पटले नव्हते. पुढे गाण्यांच्या कर्तृत्वाचे श्रेय कोणाचे, यावरून त्यांच्यात आणि रॉबर्टसन यांच्यात कायमची कटुता आली. दरम्यान हेल्म यांनी चित्रपटांतून भूमिका केल्या. १९८० च्या एका चित्रपटात त्यांनी गायिका लोरेटा लिन यांच्या वडिलांची, म्हणजे एका कोळसा खाणकामगाराची भूमिका केली. १९८२ साली त्यांच्या एकट्याच्या नावाचा एक गीतसंच निघाला आणि त्यानंतर पंचवीस वर्षे दुसरा नवा निघाला नाही. १९८६ मध्ये रिचर्ड मॅन्युअल गेले. १९९१ मध्ये वुडस्टॉक येथील हेल्म यांचे घर, जे एका मोठ्या लाकडी कोठाराच्या धर्तीवर बांधलेले होते आणि ज्यात ध्वनिमुद्रणाची सोय होती, ते आगीत जळाले. ते त्यांनी पुन्हा उभारले. १९९९ च्या डिसेंबरात रिक डॅन्कोही गेले.

याच सुमारास स्वतः हेल्म यांच्या घशाच्या कर्करोगाचे निदान झाले. स्वरयंत्र काढून टाकावे असा सल्ला त्यांना मिळाला. तो न मानता त्यांनी किरणोपचाराचा मार्ग पत्करला. असे अठ्ठावीस उपचार त्यांनी घेतले. रोग आटोक्यात आला, पण आवाज गेला.

येथे थोडे शरीरशास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे. आपल्या घशात स्वरयंत्राच्या पेटीत दोन लवचिक पडदे असतात. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने ते एकमेकांवर आपटून कंप पावतात. साध्या बोलण्यात पुरुषांच्या बाबतीत हे कंपन सेकंदाला शंभर ते दीडशे वेळा होते, आणि वरच्या पट्टीत गाताना याच्या कितीतरी पट. यासाठी त्या पडद्यांवरचे आवरण ओलसर, मऊ आणि सैल असावे लागते. किरणोपचार रोगट पेशींबरोबर या आवरणालाही भाजून काढतात. ते कोरडे आणि ताठर होते, दोन्ही पडदे नीट मिटत नाहीत, आणि मधल्या फटीतून हवा निसटू लागते. त्यामुळे आवाज घोगरा होतो किंवा नुसती कुजबुज उरते. आम्हां शिक्षकांचा धंदाही गळ्यावरच चालतो. आठ दिवस घसा बसला तर वर्गात उभे राहणे नकोसे होते. ज्याची सारी ओळखच त्याच्या कंठात होती, त्याने वर्षानुवर्षे कुजबुजत काढावी, याची कल्पना त्यावरून करता येईल.

आजारपणाबरोबर खर्चाचा डोंगर उभा राहिला. अमेरिकेत औषधोपचार अतिशय महाग आहेत. दवाखान्याची देणी आणि घरावरचे कर्ज यांच्या कात्रीत सापडून राहते घर हातचे जाण्याची वेळ आली. तेव्हा हेल्म यांना बालपणी पाहिलेल्या एका गोष्टीची आठवण झाली. त्यांच्या गावाकडे तंबूत खेळ करणाऱ्या नाटकमंडळ्या येत. कुटुंबवत्सल मंडळींसाठी असलेला मुख्य खेळ संपला, की रात्री उशिरा थोडे जास्त पैसे घेऊन मोकळ्याढाकळ्या गाण्या-नाचाचा दुसरा खेळ होई. त्याला 'मिडनाइट रँबल' म्हणत. त्याच नावाने २००४ सालापासून त्यांनी आपल्या घरीच गाण्याच्या बैठकी भरवावयास प्रारंभ केला. तिकीट काढून लोक येत, वादकांच्या अगदी जवळ बसून ऐकत. तेथे ना उंच रंगमंच होता, ना झगमगाट. सुरुवातीला हेल्म केवळ ड्रम वाजवीत, गाणे इतर गात. हळूहळू एखादी ओळ, मग एखादे कडवे, मग पूर्ण गाणे, असा त्यांचा आवाज परत येऊ लागला. कर्ज फेडण्यासाठी मांडलेल्या या बैठकीने त्यांच्या गळ्यालाही रोजचा व्यायाम दिला. मैत्रीच्या वातावरणात, चूक झाली तरी कोणी हसणार नाही अशा ठिकाणी, हा आवाज पुन्हा चालावयास शिकला.

आणि मग 'डर्ट फार्मर'चा जन्म झाला. हेल्म यांची कन्या एमी या स्वतः गायिका आहेत. आजी-आजोबांच्या घरातली जुनी गाणी वडिलांच्या आवाजात मुद्रित व्हावीत अशी त्यांची इच्छा होती. अनेक वर्षे डिलन यांच्या मेळ्यात वाजविलेले गिटार व फिडलवादक लॅरी कॅम्पबेल यांनी एमी यांच्यासह निर्मितीची बाजू सांभाळली. कॅम्पबेल यांच्या पत्नी टेरेसा विल्यम्स याही गायल्या. ध्वनिमुद्रण त्याच घरातील कोठारात झाले. गीतसंच हेल्म यांनी आपल्या आईवडिलांना अर्पण केला. चाळीस वर्षे जगभर गाजलेल्या या माणसाने आपल्या घरातली गाणी प्रथमच अशी गंभीरपणे मांडली, आणि तीही गळा साथ देईल की नाही याची खात्री नसताना.

आता या तेरा गाण्यांतील काहींचा परिचय करून घेऊ. 'लिटल बर्ड्स', 'द गर्ल आय लेफ्ट बिहाइंड' आणि 'द ब्लाइंड चाइल्ड' ही तीन गाणी हेल्म यांना आईवडिलांकडून मिळालेली. त्यांतील 'द ब्लाइंड चाइल्ड' हे एकोणिसाव्या शतकातील भावुक गीतांच्या वळणाचे आहे. घरात सावत्र आई येणार असे कळल्यावर एक आंधळे मूल वडिलांशी काय बोलते, एवढाच त्याचा विषय. असे गाणे उंच, सुरेल आवाजात गाइले तर ते सहज रडके होईल. हेल्म यांचा चिरफाळलेला आवाज तसे होऊ देत नाही. तो शब्द पुढे ठेवतो आणि बाजूला सरतो.

ज्या गाण्यावरून या संचास नाव मिळाले ते 'पुअर ओल्ड डर्ट फार्मर'. पीक हातचे गेले, कर्ज मात्र जागच्या जागी उभे राहिले, अशा शेतकऱ्याची ही कहाणी. गंमत अशी की, तिची चाल विनोदी गाण्यासारखी डुलणारी आहे. सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे हे हसणे आहे. ज्याने लहानपणी कापूस वेचला त्यालाच हे नेमके साधते.

'सिंगल गर्ल, मॅरिड गर्ल' हे कार्टर कुटुंबाचे गाणे, तेच ब्रिस्टल येथे १९२७ साली मुद्रित झालेले. अविवाहित मुलीचे मोकळे आयुष्य आणि विवाहितेचा जाच यांची तुलना त्यात आहे. जात्यावरच्या ओव्यांतून माहेर-सासर ऐकलेल्या आपल्याकडील स्त्रीला त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. 'फीलिन गुड' हे जे. बी. लेनवा या मिसिसिपीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचे. म्हणजे पहाडी कथागीत आणि डेल्टा प्रदेशातील ब्लूज अशी दोन्ही घराणी येथे एका छपराखाली नांदतात.

यात नवी गाणीही आहेत. 'द माउंटन' हे स्टीव्ह अर्ल यांचे १९९९ सालचे गीत. ज्या डोंगरावर आपण जन्मलो, ज्याच्या पोटात उतरून कोळसा काढला, त्या डोंगराची झाडे गेली, कोळसा गेला, तरीही तो आपलाच असे म्हणणारा खाणकामगार त्यात बोलतो. खाणकामगाराची भूमिका केलेल्या हेल्म यांनी ते गावे हे समर्पकच. 'अ ट्रेन रॉबरी' हे पॉल केनर्ली यांचे. हे केनर्ली जन्माने इंग्रज. अमेरिकेच्या दरोडेखोरांची गाणी एका इंग्रजाने लिहावी आणि ती अस्सल वाटावीत, यावरून मुळांविषयी एक गोष्ट ध्यानात येते. परंपरा रक्तातून येते त्यापेक्षा अधिक कानांतून येते.

'कॅल्व्हरी' हे बायरन आयझॅक्स या बासवादकाचे गीत. येशूच्या क्रूसारोहणाच्या टेकडीचे ते नाव. त्यातील सूर संथ आणि जड आहे. शेवटचे गाणे 'वाइड रिव्हर टू क्रॉस' हे बडी आणि ज्युली मिलर या दांपत्याचे. पुष्कळ वाट चालून झाली, पण अजून एक रुंद नदी ओलांडावयाची आहे, असा त्याचा आशय. नदी म्हणजे मृत्यू, हा संकेत प्रार्थनागीतांत फार जुना आहे. परंतु मिसिसिपीच्या काठी वाढलेल्या आणि मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाने ते गाइले म्हणजे संकेताला चेहरा लाभतो.

या गीतसंचात दोष नाहीत असे नव्हे. मधली काही गाणी एकाच मंद चालीने जातात, आणि काही ठिकाणी सहगायकांचे सूर इतके नितळ आहेत की हेल्म यांच्या खरखरीत आवाजापुढे ते थोडे जास्त घासूनपुसून ठेवल्यासारखे भासतात. परंतु या मर्यादेतूनच एक लाभही झाला आहे. आपल्या आवाजाचा सुमारे ऐंशी टक्के भाग परत आला असावा, असा अंदाज हेल्म यांनीच त्या वेळी केला होता. उरलेला पंचमांश एमी आणि टेरेसा यांच्या स्वरांनी भरून काढला. जेथे बापाचा आवाज तुटतो तेथे मुलीचा आवाज ओळ उचलून धरतो. कुटुंबात गाणे टिकते ते असेच.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. आवाज गेल्यावर गायकापाशी काय उरते? 'डर्ट फार्मर' ऐकताना याचे उत्तर सापडते. लय उरते, उच्चार उरतो, आणि कोणत्या शब्दावर किती भार द्यावा हा विवेक उरतो. तरुणपणी हेल्म यांचा आवाज खणखणीत होता आणि पुष्कळदा ऐकणारा त्या खणखणाटावरच खूष होई. तो गेला तेव्हा गाण्यातील माणूस पुढे आला. आजाराने कला वाढली असे मात्र मी म्हणणार नाही. आजार हा आजारच, आणि त्या वर्षांतील यातना कोणत्याही गाण्याच्या मोबदल्यात कोणी मागून घेणार नाही. परंतु जे उरले त्याचा त्यांनी प्रामाणिक हिशेब केला आणि तेवढ्याच भांडवलावर पुन्हा पेरणी केली. शेतकऱ्याच्या मुलाला हे शिकवावे लागले नसेल.

१० फेब्रुवारी २००८ रोजी या गीतसंचास पारंपरिक लोकसंगीताचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. हेल्म समारंभास गेले नाहीत. नुकताच नातू जन्मला होता, आणि घरच्याच बैठकीत त्याचा आनंद साजरा होत होता. २००९ मध्ये त्यांचा 'इलेक्ट्रिक डर्ट' हा पुढचा गीतसंच आला. याच सुमारास अमेरिकेतील या मिश्र, मूळ धरून राहणाऱ्या संगीतासाठी 'अमेरिकाना' या नावाचा स्वतंत्र पुरस्कार ग्रॅमीत सुरू झाला, आणि २०१० साली तो प्रथम मिळाला तो याच संचास. पुढे कर्करोग उलटला. १९ एप्रिल २०१२ रोजी न्यूयॉर्क येथे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. वुडस्टॉक येथे रिक डॅन्को यांच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली. रॉबर्टसन २०२३ मध्ये आणि हडसन २०२५ मध्ये गेले, आणि त्या पाचजणांपैकी आता कोणी उरले नाही. घरातल्या त्या कोठारात मात्र त्यांच्या पश्चातही गाणे होत राहिले.

या कथेत मनाला चटका लावणारी एक गोष्ट आहे. जगातील मोठमोठ्या सभागृहांत गाइलेल्या या माणसाच्या घरची गाणी आणखी थोड्या अवधीत कायमची नाहीशी झाली असती. ती कोठे लिहिलेली नव्हती असे नव्हे. तशी गाणी संग्रहांत सापडतातही. परंतु आईने कोणत्या शब्दावर स्वर लांबविला, वडील कोठे थांबत, हे संग्रहात सापडत नाही. ते फक्त एका कंठातून दुसऱ्या कंठात जाते, आणि मधला कंठ निकामी झाला की वाट बंद होते. मुलीने वेळेवर आग्रह धरला म्हणून ही वाट उघडी राहिली.

श्रोतेहो, आपणांपैकी पुष्कळांची कुटुंबे मूळ गावांपासून दूर, दुसऱ्या भाषांच्या शेजारात पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. अशा घरांत आजीच्या तोंडी एखादी ओवी, एखादे पाळण्याचे गाणे, एखादी आरतीची किंवा भक्तिगीताची निराळीच चाल असते, जी आता मूळ गावीही कोणास येत नसेल. आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. अडचण यंत्राची नाही, विचारण्याची आहे. 'मला कोठे गाता येते? आवाज गेला आता,' असे उत्तर बहुधा मिळेल. ते मान्य करून पुन्हा विचारावे. हेल्म यांच्या त्या तेरा गाण्यांनी दाखवून दिले आहे की, गेलेल्या आवाजातही गाण्याजोगे पुष्कळ शिल्लक असते. ऐकावयास कोणी समोर बसले पाहिजे, एवढेच.